तीन रिकाम्या नळ्या

आमच्या कॉलेजचं सत्र मी लिहिलेल्या परिपत्रकाने सुरू होतं. मी कार्यालय अधीक्षक आहे. सही प्राचार्यांची असते, मजकूर माझा. जूनच्या मध्यावर प्राध्यापक सुट्टीवरून परतायच्या आदल्या दिवशी ते तयार लागतं. अंगठ्याच्या मशीनवर पुन्हा नोंदणी करून घ्यावी. गाडीचं नवं स्टिकर शिपायाकडून न्यावं, जुनं खरवडून काढावं. ओळखपत्राची दोरी यंदा निळी. नाशिकरोड स्टेशनवरून सुटणारी स्टाफची बस दहा मिनिटं आधी निघेल. लायब्ररीची पुस्तकं परत केल्याशिवाय नवं कार्ड मिळणार नाही. हे सगळं मी एका पानात बसवते, कारण दुसरं पान कोणी उलटत नाही. मग ते सूचनेच्या वहीत चिकटवलं जातं आणि शिपाई वही घेऊन विभागाविभागांत फिरतो. प्राध्यापक वरच्या सहीखाली सही करतात. वाचतात की नाही, ते मी पंचवीस वर्षं विचारलेलं नाही.

यंदा नववा मुद्दा नवीन होता. सर्व शिक्षक व शिक्षकेतर कर्मचाऱ्यांची मोफत आरोग्य तपासणी. ऑगस्टमध्ये मूल्यांकन समिती येणार आहे आणि तिच्या फॉर्ममध्ये कर्मचाऱ्यांसाठी तुम्ही काय करता, असा एक प्रश्न आहे. प्राचार्यांना फलक हवा होता, फोटो हवे होते, सह्यांचा कागद हवा होता आणि प्रत्येकाचा रिपोर्ट फाइलमध्ये लावलेला हवा होता. "सहभाग शंभर टक्के पाहिजे, मॅडम," असं त्यांनी मला दोनदा सांगितलं.

सर्व कर्मचारी म्हणजे हजेरीपटावरचे. झाडूवाल्या बायका, गेटवरचे वॉचमन, कॅन्टीनची माणसं ठेकेदाराची. ती आमच्या आवारात आमच्यापेक्षा जास्त वेळ असतात, पण आमची नसतात. मी हजेरीपटावरून यादी टाइप करून लॅबला पाठवली आणि लॅबने त्या यादीवरून लेबलं छापली. एकेका नळीवर एकेक नाव आधीच चिकटवून आलं. घोळ इथेच झाला. नावं पहिली आली, रक्त मागून यायचं होतं.

तपासणी स्टाफरूममध्ये झाली. फोटोसाठी प्राचार्य सगळ्यांत आधी बसले आणि सुई टोचताना हसले. तोवर माझ्या टेबलावर प्रवेशाच्या तक्रारींची चळत लागली होती. दीडच्या सुमाराला लॅबच्या मुली आवरायला लागल्या, तेव्हा तीन नळ्या रिकाम्या होत्या. संख्याशास्त्राच्या मॅडम आईला बरं नाही म्हणून इगतपुरीला गेल्या होत्या, ग्रंथालयातला एक सहायक रजेवर होता आणि मनमाडहून रोज येणारे अर्थशास्त्राचे सर अजून पोचले नव्हते. आमचे ज्येष्ठ लिपिक माझ्या टेबलाशी आले.

"मॅडम, तीन राहिल्यात."

मी मान वर न करता म्हणाले, "यादी पूर्ण करून टाका."

मी काय म्हणाले ते मला नीट कळत होतं. आमच्याकडे याद्या अशाच पूर्ण होतात. अभिप्रायाचे फॉर्म कमी पडले की हेच लिपिक तीन वेगवेगळ्या पेनांनी ते भरतात, एकात थोडी तक्रार घालतात, म्हणजे खरं वाटतं. कार्यशाळेला माणसं कमी आली की सह्या वाढतात. त्यात कोणाचं नुकसान होत नाही असं आम्ही धरून चालतो. फॉर्म भरणं आणि नळी भरणं यात त्यांनी फरक केला नाही. मीही केला नाही.

आठ दिवसांनी, मंगळवारी सकाळी, लॅबच्या डॉक्टरबाईंचा मला फोन आला. रिपोर्ट त्या एरवी माणसाबरोबर पाठवतात. अर्थशास्त्राचे सर आज आलेत का, असं त्यांनी विचारलं. मी हो म्हणाले. मग त्यांनी आवाज खाली आणला. सरांच्या रक्तात पांढऱ्या पेशी इतक्या जास्त होत्या की त्यांनी ते दोनदा तपासलं होतं. मशीनची चूक नव्हती. सरांना आजच्या आज रक्ताच्या तज्ज्ञाकडे पाठवा, एकटे पाठवू नका, असं त्या म्हणाल्या.

मी सरांना बोलावून घेतलं, दार लावलं आणि रिपोर्ट मोबाइलवर दाखवला. असल्या गोष्टी मला घोळवून सांगता येत नाहीत. सर सडपातळ, हजरजबाबी. त्यांनी वाचलं, पुन्हा वाचलं आणि हसले.

"मॅडम, त्या दिवशी माझी गाडी लासलगावला दोन तास उभी होती. माझं रक्त माझ्याआधी कॉलेजात पोचलं वाटतं."

मी हसले नाही. तेव्हा त्यांचंही हसू गेलं.

"मग हे कोणाचं?" त्यांनी विचारलं.

लिपिकांना आत बोलावलं. त्यांनी चष्मा काढून शर्टाला पुसला, पुन्हा पुसला. दीड वाजता समोर जी तीन माणसं होती ती त्यांनी बसवली होती. गेटवरचा वॉचमन, कॅन्टीनमध्ये पोळ्या करणारी बाई आणि आमच्या मजल्यावर झाडणाऱ्या मावशी. कोणाचं रक्त कुठल्या नळीत गेलं हे त्यांनी पाहिलं नव्हतं, लॅबच्या मुलींनीही नाही. स्टाफपैकीच कोणाला पुन्हा का नाही बसवलं, असं मी विचारलं.

"दुसऱ्यांदा सुई कोण टोचून घेणार, मॅडम? यांना नाही म्हणता येत नाही."

उरलेले दोन रिपोर्ट स्वच्छ आले होते. म्हणजे त्या तिघांपैकी एका माणसाच्या अंगात हे होतं, आणि ते माणूस आत्ता कुठेतरी काम करत होतं.

प्राचार्यांनी ऐकून घेतलं आणि तीन गोष्टी सांगितल्या. पहिली, ऑगस्टमध्ये समिती येतेय, हे आपल्यातच राहू द्या. दुसरी, सरांचं रक्त पुन्हा तपासायला द्या आणि नवा रिपोर्ट फाइलला लावा. तिसरी, त्या माणसाचं काय ते बघा. प्राचार्य वाईट नाहीत. पण क्रम असा होता.

सर दुपारीच लॅबमध्ये गेले. मीही गेले. डॉक्टरबाईंनी सांगितलं की त्यांच्या कॉम्प्युटरवर एका नावाला एकच रिपोर्ट राहतो. नवा चढवला की जुना काढून टाकावा लागेल, नाहीतर सरांना पुढे विम्यात त्रास होईल. मी म्हणाले, काढा, पण आधी मला छापून द्या. त्यांनी दिला. ते रक्त जगात त्या एका कागदावर उरलं होतं, तेही दुसऱ्याच्या नावाखाली. मी त्याची घडी करून पर्समध्ये ठेवली. संध्याकाळी सरांचा नवा रिपोर्ट स्वच्छ आला, फाइलला लागला, फाइल पूर्ण झाली. कागदोपत्री आमच्या कॉलेजात आता कोणालाही काही झालेलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी वॉचमनला बोलावलं. तो खुर्चीवर बसलाच नाही.

"मी नाय दिलं, मॅडम. मी गेटवरच होतो."

पोळ्या करणारी बाई म्हणाली की तिला सुईची लहानपणापासून भीती वाटते, ती कशाला देईल. लिपिक तिच्या शेजारीच उभे होते. त्यांच्याकडे तिने पाहिलंसुद्धा नाही. मला कारण शोधायला लांब जावं लागलं नाही. ठेकेदाराची पद्धत मला माहीत आहे. माणूस तीन दिवस आजारी पडलं की चौथ्या दिवशी त्याच गणवेशात दुसरं उभं असतं. मी त्याची नोंद घेते आणि पुढच्या कामाला लागते. आजवर तेच केलंय.

मी दोघांना सांगितलं की यातलं अक्षर ठेकेदाराकडे जाणार नाही. त्यांना रिक्षात घालून दुसऱ्या लॅबमध्ये नेलं आणि त्यांच्या स्वतःच्या नावाने रक्त द्यायला लावलं. गुरुवारी दोघांचे रिपोर्ट आले. दोघंही ठणठणीत. वॉचमनने कपाळाला हात लावला. बाईने विचारलं, "मग आता कोण?" आणि उत्तर तिचं तिलाच सुचलं.

मावशी रविवारपासून नव्हत्या. दरवर्षी या दिवसांत त्या सुरगाण्याकडे आपल्या पाड्यावर भाताच्या आवणीला जातात, पंधरा दिवसांनी येतात. फोन लागत नव्हता. सहा वर्षं त्या माझं टेबल पुसतात. आता आठवायला बसले तर सगळं समोर येऊ लागलं. उन्हाळ्यात त्या पाण्याची बादली घेऊन जिन्यावर मध्येच थांबायच्या, कठड्याला टेकायच्या. साडीचा पदर दोनदा फिरवून खोचायला लागल्या होत्या. एप्रिलमध्ये मी त्यांना म्हणाले होते, "मावशी, यंदा तुम्ही रेंगाळता हं." त्या म्हणाल्या होत्या, "उन्हानं होतंय, मॅडम." आणि मी पुढची फाइल ओढली होती.

वॉचमन त्याच तालुक्यातला. रक्त दिलं हे आता त्याने कबूल केलं होतं. तो म्हणाला, "त्यांचा पाडा मला म्हाईतीय. मी येतो." शनिवारी सकाळी आम्ही वणीवरून जाणारी एसटी धरली. पर्समध्ये तो रिपोर्ट होता, कोरे कागद होते आणि कार्यालयाचा शिक्का होता. शिक्का आवाराबाहेर न्यायचा नाही हा नियम मीच परिपत्रकात लिहिते.

सुरगाण्याला जीप मिळाली. माझ्या मांडीवर कोणाची तरी पिशवी होती, पायाशी खताची गोणी. वाटेत वॉचमन म्हणाला, "एकदम सांगू नका त्यांना. माणसं म्हणतील, शहरातून काय घिऊन आली." शेवटचा रस्ता चालायचा होता. पाऊस भुरभुरत होता, डोंगर अर्धे दिसत नव्हते. प्रत्येक वळणावर मला वाटत होतं की समोरून कोणीतरी येईल आणि सांगेल की आता पुढे जायचं काम नाही.

त्या खाचरात होत्या. पाच-सहा बायका वाकून रोपं लावत होत्या, त्यांत सगळ्यात कडेला. इतर बायकांची ओळ पुढे सरकली होती आणि त्या दोन हात मागे राहिल्या होत्या. मला पाहून त्यांनी पाठ सरळ केली. ऑफिसची बाई शेताच्या बांधावर येते म्हणजे कशासाठी, याचा त्यांनी एकच अर्थ लावला.

"मॅडम, काम गेलं का?"

मी नाही म्हणाले. त्यांना बाजूला घेतलं, तपासणीच्या दिवशी रक्त दिलं होतं का, विचारलं.

"नाय," त्या म्हणाल्या. वॉचमनकडे पाहिलं. "मी नाय दिलं."

"दिलं, वयनी," वॉचमन म्हणाला. "माझ्यामागं तुमीच बसल्या व्हत्या. मीबी आधी नायच म्हणलो."

त्यांनी हाताला लागलेला चिखल पाण्यात धुतला. धुऊन झाल्यावरही हात पाण्यातच ठेवले. तोवर त्यांचा नवरा बांधावरून चालत आला. मी दोघांना सांगितलं. रक्तात बिघाड दिसतोय, मोठा आहे, नेमकं काय ते मोठ्या दवाखान्यात कळेल, आणि उशीर करून चालणार नाही. नवऱ्याने विचारलं,

"आजारी म्हणल्यावर ठेकेदार ठेवंल का हिला?"

"मला माहीत नाही," मी म्हणाले. "ठेकेदार माझं ऐकत नाही."

"मग तुमी कशाला आल्या?"

प्रश्न बरोबर होता. तो माणूस रागावलेला नव्हता, त्याला खरंच कळून घ्यायचं होतं. मी म्हणाले, "हा कागद हिचा आहे आणि त्यावर हिचं नाव नाही. ते लिहायला आले."

त्यांच्या ओट्यावर बसून मी लिहिलं. अमुक दिवशी माझ्या सांगण्यावरून या बाईंचं रक्त दुसऱ्या कर्मचाऱ्याच्या नावाने घेतलं गेलं. सोबतचा रिपोर्ट त्यांचा समजावा आणि त्यानुसार उपचार करावेत. खाली माझं नाव, हुद्दा, सही. शिक्का मारला तेव्हा वॉचमन दुसरीकडे पाहायला लागला. मग मी ते मोठ्याने वाचून दाखवलं.

"यात तुमचं नाव हाय," मावशी म्हणाल्या. "तुमचं काम जाईल ना?"

"ते माझं मी बघेन. आज जीप आहे तोवर निघा."

त्यांनी खाचराकडे पाहिलं. रोपं उपटून जुड्या बांधून ठेवलेल्या होत्या. उपटलेलं रोप थांबत नाही, हे मलाही कळतं. त्या म्हणाल्या, एवढी आवणी उरकू द्या, चार दिवस. मी ताप येतो का विचारलं, थोडा येतो म्हणाल्या. मी समजावलं, आवाज चढवला, नवऱ्याकडे पाहिलं. तो जुड्यांकडे निघाला. त्या कागद पिशवीत घालून आत ठेवून आल्या आणि पुन्हा पाण्यात उतरल्या. मी हरले. दोन तासांनी जीपमध्ये बसले तेव्हा त्या ओळीत अजून मागेच होत्या.

"येतील," वॉचमन म्हणाला.

मी म्हणाले, चार दिवस म्हणजे सहा.

सोमवारी मी त्या पत्राची प्रत प्राचार्यांच्या टेबलावर ठेवली. लपवून ठेवलं असतं तर ते पत्र खोटं पाडायला सोपं गेलं असतं. त्यांनी वाचलं आणि म्हणाले, "मॅडम, निदान शिक्का तरी..." दुपारी मला खुलासा मागणारं पत्र आलं. मसुदा नेहमी मीच करते, त्यामुळे भाषा मला ओळखीची वाटली. मी दोन ओळींत उत्तर दिलं: "यादी पूर्ण करून टाका, असं मी म्हणाले. लिपिकांनी ते केलं."

मग मी वाट पाहिली. मंगळवार गेला, बुधवार गेला. नव्या दोऱ्या वाटल्या, अंगठ्याचं मशीन दोनदा बंद पडलं, लायब्ररीच्या कार्डांवरून भांडण झालं. फोन वाजला की मी आधी नंबर पाहत होते. गुरुवारी दुसरी एक बाई बादली घेऊन मजल्यावर आली, तोच निळा गणवेश. ठेकेदाराला मी काही सांगितलं नव्हतं, वॉचमननेही नाही. रजेचे पंधरा दिवसही भरले नव्हते. ती टेबल पुसत असताना मी तिचं नाव विचारलं. आधी मी कोणाला विचारत नसे.

शुक्रवारी सकाळी मावशींच्या नवऱ्याचा फोन आला. ते नाशिकच्या सरकारी रुग्णालयाच्या दारात उभे होते. मी गेले. दोन रात्री ताप होता. दारापासून केसपेपरच्या खिडकीपर्यंत जायला मावशी दोनदा खाली बसल्या. आवणी पुरी झाली का, असं मी विचारलं नाही, तरी त्यांनी सांगितलं, झाली.

रक्त घेताना नळीवरचं नाव मी आमच्यासमोर लिहायला लावलं. रक्त घेणारा मुलगा वैतागला, पण त्याने लिहिलं. तरुण डॉक्टरने संध्याकाळी जुना आणि नवा रिपोर्ट शेजारी ठेवले. आकडा वाढला होता. माझं पत्र त्याने वाचलं, तारीख पाहिली, आणि तो मावशींना म्हणाला, "एवढे दिवस काय करत होता?"

मावशींनी माझ्याकडे पाहिलं.

"त्या काही करत नव्हत्या," मी म्हणाले. "आम्ही करत होतो."

त्यांना दाखल करून घेतलं. हाडातला मगज तपासायला पाठवलाय. त्यावर ठरेल की गोळीवर भागण्यासारखं आहे की नाही. डॉक्टर म्हणाला, ताप नसता तर मी जास्त आशेने बोललो असतो. तो तेवढंच म्हणाला आणि दुसऱ्या कॉटकडे गेला. हे लिहितेय तेव्हा तपासणीचा निकाल यायचाय. माझ्या खुलाशावरही काही आलेलं नाही. समितीच्या फाइलवर प्राचार्यांनी नवं कव्हर चढवून घेतलंय.

काल मी ऑफिसनंतर वॉर्डात गेले. नवरा खाली औषध आणायला गेला होता. मावशी भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या, मला पाहून उठायला लागल्या, मी हाताने थांबवलं. जरा वेळाने त्यांनी विचारलं, "सर कसे हायेत?"

कोण सर, ते मला लगेच कळलं नाही.

"मनमाडचे. त्यांच्या नावानं दिलं होतं ना मी. त्यांना काय झालं नाय ना?"

"नाही. त्यांचं पुन्हा तपासलं. त्यांना काही नाही."

त्यांनी मान हलवली. बराच वेळ त्या हाताला चिकटवलेली पट्टी अंगठ्याने दाबत राहिल्या.

"म्हणजे सगळं माझ्याकडंच राहिलं," त्या म्हणाल्या.

मी हो म्हणाले.